लॅव्हेंडरचा परफ्यूम अर्ध्या तासात उडतो, तेल नकली आहे का?

आधी तुमचा प्रश्न मला कळला तसा परत मांडते, चुकलं असेल तर सांगा. तुम्ही गंगापूर रोडला राहता, आईच्या साठाव्या वाढदिवसाला हाताने बनवलेला लॅव्हेंडरचा परफ्यूम द्यायचाय, कारण तुमच्या लहानपणी आई लॅव्हेंडरची टाल्कम पावडर लावायची आणि तो वास तुमच्या डोक्यात पक्का बसलाय. ऑनलाइन 15 मिलीची बाटली मागवली, मेडिकलमधून स्पिरिट आणलं, 20 टक्के तेल आणि 80 टक्के स्पिरिट असं हलवून मनगटावर लावलं, तर पहिली पाच मिनिटं दवाखाना, मग कापूर, आणि अर्ध्या तासात मनगट कोरडं. आता विचारताय की तेल नकली निघालं का, आणि ओरिजिनल कुठलं घेऊ.

तेल भेसळीचं असू शकतं, शक्यता बरीच आहे. पण खरं सांगू का, अगदी फ्रान्सच्या डोंगरातलं उत्तम तेल मी तुमच्या हातात ठेवलं तरी या पद्धतीने ते अर्ध्याऐवजी फार तर तास-दीड तास टिकेल, आणि आईच्या पावडरच्या जवळपासही जाणार नाही. कारण लॅव्हेंडरचं तेल हा कच्चा माल आहे. नाशिकच्या माणसाला नाशिकच्या भाषेत सांगायचं तर पोहे आणले म्हणजे चिवडा झाला नाही. तुम्ही नुसते पोहे खाताय आणि विचारताय की चिवड्यासारखे का लागत नाहीत, पोहे नकली आहेत का.

मी अंबड एमआयडीसीत साबण, अगरबत्तीत घालायची सुगंधाची मिश्रणं, म्हणजे कंपाउंडं, बनवणाऱ्या एका युनिटमध्ये बरीच वर्षं काढली, आता घरच्या मागच्या खोलीत लहान ऑर्डरी करते. त्यामुळे जे लिहितेय ते हाताने केलेलं आहे, काही ठिकाणी नुकसान सोसून केलेलं आहे. तुमची बाटली मी हुंगलेली नाही, आईची त्वचा कोरडी की तेलकट माहीत नाही, बजेट माहीत नाही, त्यामुळे काही उत्तरं "बघून ठरवा" अशीच येणार, त्याला इलाज नाही.

पहिलं म्हणजे ते स्पिरिट. बाकी सगळं नंतर, आधी हे बंद करा. मेडिकलमधलं स्पिरिट त्वचा पुसायला असतं, त्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल असू शकतं किंवा कोणी पिऊ नये म्हणून उग्र वासाचं काहीतरी मिसळलेलं असू शकतं, आणि सॅनिटायझर असेल तर वर ग्लिसरीन. तुम्हाला पहिली पाच मिनिटं जो दवाखाना आला तो लॅव्हेंडरचा नव्हताच बहुतेक. आज रात्री एवढंच करा, जाड कागदाची पट्टी घ्या, लग्नपत्रिकेचा कोरा भाग चालतो पण त्यालाच अत्तराचा वास नाही ना ते बघा, आणि त्यावर नुसतं स्पिरिट टाका, तेल नाही. दोन मिनिटांनी हुंगा, दहा मिनिटांनी हुंगा. चांगलं परफ्यूमचं अल्कोहोल सुकलं की कागद कागदासारखा वास देतो, मागे काही उरत नाही. तुमच्या पट्टीवर काही उरलं तर अर्धं कोडं तिथेच सुटलं.

परफ्यूमला लागतं ते 95-96 टक्के इथेनॉल, डायइथाइल थॅलेट किंवा बिट्रेक्ससारखं काही घालून न पिण्याजोगं केलेलं. अल्कोहोल हा राज्य उत्पादन शुल्क खात्याचा विषय आहे, त्यामुळे कोणाच्या तरी ओळखीने कॅनमधून आणलं वगैरे भानगडीत पडू नका, सुगंधी कच्चा माल विकणाऱ्याकडून बिलावर लहान बाटली घ्या. आणि नाहीच मिळालं तर रोल-ऑन करा, आयसोप्रोपिल मायरिस्टेट किंवा फ्रॅक्शनेटेड कोकोनट ऑइलमध्ये. साधं खोबरेल घेऊ नका, एक तर त्याला स्वतःचा वास आहे आणि दुसरं म्हणजे नाशिकच्या थंडीत डिसेंबरमध्ये बाटलीतच गोठून बसेल, मग गोळा फिरणार नाही आणि आई म्हणेल बाळा बाटली बिघडलीय.

आता तेल. "लॅव्हेंडर" या एका नावाखाली बाजारात निदान तीन वेगळ्या झाडांची तेलं फिरतात आणि विकणारा खोटं बोलत असेलच असंही नाही, लेबलवर तिन्हींना लॅव्हेंडरच म्हणतात. पहिलं खरं लॅव्हेंडर, लॅव्हेंडुला अँगुस्टिफोलिया, हे उंचावरचं झाड, फ्रान्समध्ये प्रोव्हान्सच्या डोंगरात साधारण 800 मीटरच्या वर ते खुश असतं. दुसरं स्पाइक लॅव्हेंडर, लॅटिफोलिया, ते खालच्या गरम भागातलं, स्पेनकडे जास्त, त्यात कापूर आणि निलगिरीचा सिनिओल भरपूर, वास सरळ बाम लावल्यासारखा. आणि तिसरं या दोघांचं संकरित पोर, लॅव्हँडिन. त्याला बी धरत नाही, कलमं लावून वाढवतात, पण तेल खऱ्या लॅव्हेंडरच्या कित्येक पट देतं म्हणून शेतकऱ्याला तेच परवडतं. इन्स्टाग्रामवर फ्रान्समधल्या वॅलेन्सोलच्या पठारावरच्या सरळ जांभळ्या रांगांमध्ये जे फोटो काढतात ना, त्या रांगा बहुतांशी लॅव्हँडिनच्या असतात. लॅव्हँडिनमध्येही जाती आहेत, ग्रोसो, सुपर, अब्रियाल, पैकी ग्रोसो सगळ्यात जास्त दिसते.

यातला फरक नाकाला कसा कळतो? कापरावरून. खऱ्या लॅव्हेंडरमध्ये कापूर जेमतेम अर्धा टक्का, ग्रोसो लॅव्हँडिनमध्ये 6 ते 8 टक्के, स्पाइकमध्ये त्याहूनही जास्त. तुम्हाला कापूर आला म्हणजे तुमच्या बाटलीत लॅव्हँडिन असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. आणि लॅव्हँडिन म्हणजे नकली नव्हे हो, साबणाला, डिटर्जंटला, फरशीच्या लिक्विडला तेच वापरतात आणि तिथे ते छान काम करतं, मीसुद्धा किलोंनी वापरलंय. फक्त आईच्या मनगटाला ते नको. लेबलवर वनस्पतीचं पूर्ण नाव बघा, "अँगुस्टिफोलिया" लिहिलेलं नसेल आणि नुसतं "प्युअर लॅव्हेंडर, थेरप्युटिक ग्रेड" असेल तर ते थेरप्युटिक ग्रेड सोडून द्या, असा कुठला सरकारी दर्जा नसतो, तो विकणाऱ्याने स्वतःच स्वतःला दिलेला असतो.

भेसळीचं म्हणाल तर ती दोन प्रकारची. गावठी भेसळ म्हणजे तेलात लिक्विड पॅराफिन किंवा कुठलं तरी बिनवासाचं तेल ओतणं. ती घरी पकडता येते, पट्टीवर एक थेंब टाकून दुसऱ्या दिवशी उजेडासमोर धरा, भजी ठेवलेल्या पेपरसारखा पारदर्शक डाग उरला तर समजा. किंवा चांगल्या अल्कोहोलमध्ये थेंब टाका, गढूळ झालं की काहीतरी जड तेल आहे. दुसरी भेसळ शिकलेल्या माणसाची. लॅव्हेंडरच्या तेलाचे दोन मुख्य खांब म्हणजे लिनालूल आणि लिनालाइल अ‍ॅसिटेट, दोन्ही मिळून तेलाचा साधारण दोन तृतीयांश भाग किंवा जास्त, आणि दोन्ही कारखान्यात स्वस्तात बनतात. लॅव्हँडिन घ्यायचं, वरून हे दोन ओतायचे, साध्या जीसी रिपोर्टवर, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या रिपोर्टवर, आकडे बरोबर बसतात. ती चोरी पकडायला त्या यंत्रात वेगळी नळी, म्हणजे कॉलम, लागतो, कारण लिनालूलचे दोन आरशातले जुळे भाऊ असतात, एक डावा एक उजवा, झाड बहुतेक सगळा डावाच बनवतं आणि कारखाना दोन्ही निम्मे निम्मे. घरी हे कळणार नाही, कोणी म्हणालं मी हुंगून सांगतो तर हसून सोडून द्या.

जाता जाता, यातला उजवा भाऊ तुमच्या स्वयंपाकघरात आहे. धने तळहातावर चुरडून हुंगा, धन्याच्या तेलात निम्म्याहून जास्त लिनालूलच असतं. हा प्रयोग मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी करायला लावते, एकदा धन्यात लिनालूल ओळखता आलं की लॅव्हेंडरमध्येही ते वेगळं काढता येतं, आणि मग लक्षात येतं की ज्याला आपण लॅव्हेंडर लॅव्हेंडर म्हणतो त्याचा मोठा भाग हा साधा, स्वच्छ, धुतलेल्या कपड्यासारखा लिनालूल आहे. त्याच्या सोबतचा लिनालाइल अ‍ॅसिटेट थोडा फळासारखा, गोडसर, बर्गमोट नावाच्या लिंबाच्या जातीकडे झुकणारा. आणि उरलेल्या छोट्या हिश्श्यात, शेकडो बारीकसारीक घटकांत, ते वाळलेलं गवत, मध, थोडी हिरवी तुरट पानं असं सगळं असतं, ज्याच्यासाठी लोक खऱ्या तेलाचे पैसे मोजतात. हे शेवटचं तुम्हाला बाटलीतून हुंगून कळणार नाही, पट्टीवर तास-दोन तासांनी कळेल.

आता मुख्य मुद्दा, उडतो का. लिनालूल 198 अंशाच्या आसपास उकळतं, लिनालाइल अ‍ॅसिटेट 220 च्या आसपास, आणि पट्टीवरसुद्धा दोघं काही तासांत निघून जातात, मग मनगटावर, नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्या गरमीत, किती वेळ थांबणार? तुम्ही 20 टक्के टाकलंत, 30 टाकलंत तरी पहिली दहा मिनिटं डोकं दुखेल आणि शेवट तोच. लोक मग विचारतात की फिक्सेटिव्ह कुठलं टाकू, जणू फिक्सेटिव्ह म्हणजे फेविकॉल, एक थेंब टाकला की लॅव्हेंडर चिकटून बसेल. थोडाफार फरक पडतो, जड माल सोबत असला की हलका माल जरा हळू उडतो, पण तो फरक मिनिटांचा आहे, तासांचा नाही. माझ्या अनुभवात लॅव्हेंडर थांबवता येत नाही. तो जाताना त्याच्या जागी कोण उभं राहतं तेवढं आपल्याला ठरवता येतं. कीर्तनात बुवांनी चरण सोडला की मागचे झीलकरी उचलतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं गाणं थांबलंच नाही, तसं. तुमच्या बाटलीत बुवा एकटे आहेत.

हे झीलकरी कोण ते दीडशे वर्षांपूर्वीच सापडलेत. विल्यम पर्किन या इंग्रज केमिस्टने 1868 मध्ये क्युमारिन प्रयोगशाळेत बनवलं. क्युमारिन म्हणजे पांढरे स्फटिक, वास उन्हात वाळत घातलेल्या गवताचा, जरा बदामी गोड. दक्षिण अमेरिकेतल्या टोंका नावाच्या झाडाच्या बीमध्ये हेच असतं. 300 अंशाच्या वर उकळतं म्हणजे लॅव्हेंडर गेल्यावरही निवांत बसून राहतं. मग 1882 मध्ये पॅरिसच्या उबिगाँ कंपनीसाठी पॉल पार्केने लॅव्हेंडर, क्युमारिन, ओकमॉस (ओकच्या झाडावर वाढणारं दगडफूल) असं जुळवून फूजेर रॉयाल नावाचं परफ्यूम काढलं, फूजेर म्हणजे नेचा, आणि गंमत बघा नेच्याला स्वतःचा असा वास नसतोच, माणसाने कल्पनेने त्याला वास दिला. पुढे 1889 मध्ये गेर्लाँ कंपनीचं जिकी, त्यात लॅव्हेंडरला क्युमारिनबरोबर व्हॅनिलिनही आलं. 1934 मध्ये कॅरॉन कंपनीने पुरुषांसाठी लॅव्हेंडर आणि व्हॅनिला एकत्र केलं, ते आजही मिळतं. तुमच्या बाबांचं शेव्हिंग क्रीम, आफ्टरशेव्ह, सलूनमधून बाहेर पडताना मानेला येणारा वास, हे सगळं त्या 1882 च्या जुळणीची नातवंडं. म्हणूनच सांगते, आईसाठी करताय तर ओकमॉस टाळा, नाहीतर साठाव्या वाढदिवसाला आईला सलूनचा वास भेट द्याल. तसंही ओकमॉसवर आयएफआरए या आंतरराष्ट्रीय सुगंध संस्थेची तयार मालात 0.1 टक्क्याची मर्यादा आहे, नवशिक्याने त्यात पडूच नये.

मग आईच्या पावडरचा वास म्हणजे काय? इथे थोडा तुमच्या आठवणीचा खेळ आहे. लॅव्हेंडर पावडर म्हटलं की आपल्या घरांत बऱ्याच वेळा यार्डलीचा डबा असायचा, इंग्रजी लॅव्हेंडरचा तो जुना ढंग एकोणिसाव्या शतकापासूनचा. पण पावडरमध्ये लॅव्हेंडर हे फक्त दार उघडणारं असतं, आत मस्क म्हणजे कस्तुरीसारखा वास, क्युमारिन, व्हायोलेटच्या फुलासारखं आयोनोन, थोडं गुलाबाकडे जाणारं जिरॅनियम, चंदनाचं अंग असं कायकाय असतं आणि वर टाल्कचा स्वतःचा कोरडा मऊपणा. तुम्ही लहानपणी आईच्या कुशीत जे हुंगलंत ते बहुतेक दोन-तीन तासांनंतरचं होतं, म्हणजे लॅव्हेंडर उडून गेल्यानंतरचं! तुमच्या मेंदूने त्याला लॅव्हेंडर नाव दिलं कारण डब्यावर तसं लिहिलं होतं. आता तुम्ही ती आठवण शोधायला नुसतं लॅव्हेंडर आणलंत, म्हणजे दार आणलंत आणि घर शोधताय. चूक तुमची नाही, माझ्याकडे लॅव्हेंडर मागणारी बहुतेक माणसं खरं म्हणजे मस्क आणि क्युमारिनच मागत असतात.

मी तुमच्या जागी असते तर कसं केलं असतं ते सांगते. 0.01 ग्रॅमचा काटा घ्या, थेंब मोजू नका, प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा असतो. 10 ग्रॅम कंपाउंडचा हिशोब धरू. लॅव्हेंडर अँगुस्टिफोलिया 3 ग्रॅम. त्याचं डोकं उजळायला फ्युरोकुमारिन काढलेलं बर्गमोट 1.2 ग्रॅम, साधं बर्गमोट घेऊ नका, ते लावून उन्हात गेलं की त्वचेवर डाग पडू शकतात आणि नाशिकच्या उन्हाची परीक्षा घ्यायची नाहीये. मधे हवा खेळती राहायला हेडिओन 2 ग्रॅम, हे पातळ जाईसारखं, स्वतः फारसं बोलत नाही पण बाकीच्यांना जागा करून देतं. जिरॅनियम 0.4, याने लॅव्हेंडर आणि खालचा भाग यांच्यातली फट बुजते. पावडरीपणासाठी मिथाइल आयोनोन 0.4. मग खालचे, क्युमारिन 0.4, व्हॅनिलिन 0.1, पचौली 0.2, चंदन 0.6, आयसो ई सुपर (मऊ लाकडी वासाचा कृत्रिम घटक) 0.5 आणि गॅलॅक्सोलाइड मस्क, 50 टक्क्यांपर्यंत पातळ केलेलं, 1.2. बेरीज करून बघा, 10 येते. चंदनाचं खरं तेल परवडत नसेल तर सिंथेटिक चंदन घ्या, पण ते जातीनुसार खूप जोरकस असतं, 0.6 सरळ टाकू नका, आधी 0.1 टाकून बघा.

क्युमारिन आणि व्हॅनिलिन दोन्ही पावडरी आहेत, त्या आधी हेडिओनमध्ये टाकून भांडं कोमट पाण्यात धरून विरघळवा, अल्कोहोल जवळ असताना गॅस पेटवू नका हे सांगायला नको पण सांगते. सगळं एकत्र केलं की घट्ट झाकण लावून दोन-तीन दिवस तसंच ठेवा, मग 10 ग्रॅम कंपाउंडला 57 ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे साधारण 15 टक्के झालं. आणि मग कपाटात अंधारात निदान तीन आठवडे. पहिल्या दिवशी हुंगून निराश होऊ नका, पहिल्या दिवशी सगळे घटक वेगवेगळे भांडतात, मलाही दरवेळी वाटतं फसलं. व्हॅनिलिनमुळे रंग हळूहळू पिवळट होईल, ते बिघडलं असं समजू नका, फक्त पांढऱ्या साडीवर मारू नका.

याचं बरचसं तुमच्या नाकावर सोडतेय कारण फॉर्म्युला हा सुरुवातीचा आहे. पावडर कमी वाटली तर आयोनोन आणि मस्क थोडं वाढवा, मिठाईकडे झुकला तर व्हॅनिलिन काढूनच टाका, वखारीसारखा वाटला तर पचौली अर्धी करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. आमच्या युनिटमध्ये एक वयस्कर काका होते, कोणी वही न लिहिता मिश्रण केलं की ते सरळ मोरीत ओतायचे, तेव्हा राग यायचा, आता मी तेच करते.

अजून एक, "गायब झाला" हे तुम्ही स्वतःच ठरवताय का? सारखं मनगट नाकाला लावलं की नाक त्या वासाला बहिरं होतं, मस्कच्या बाबतीत तर काही लोकांना विशिष्ट मस्क मुळातच येत नाही. दोन तासांनी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी विचारा, आणि नाक थकलं की कॉफीच्या बिया वगैरे सोडा, स्वतःच्या कोपराच्या आतला भाग हुंगा, तेवढं पुरतं.

तेल घ्यायचंच आहे तर कुठलं? पहिल्या खेपेला वरच्या 3 ग्रॅम अँगुस्टिफोलियाच्या जागी मी "लॅव्हेंडर 40/42" सुचवेन. हे ऐकून शुद्धतावाले नाराज होतील. 40/42 म्हणजे लिनालाइल अ‍ॅसिटेट 40 ते 42 टक्क्यांवर आणून बसवलेलं तेल, त्यात मिसळामिसळ असते आणि ती कोणी लपवत नाही. फायदा असा की प्रत्येक वेळी तसंच मिळतं, शिकताना ते महत्त्वाचं. हात बसला की मग खऱ्याकडे या. आपल्याकडे जम्मूच्या डोडा जिल्ह्यात भदरवाहला सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या अरोमा मिशनमधून शेतकऱ्यांनी लॅव्हेंडर लावलंय, जांभळी क्रांती म्हणून बातम्यांत आलं होतं तेच, तिकडचं तेल मी वापरलंय आणि मला त्याचा जरा रानटीपणा आवडतो, पण एका लॉटचं दुसऱ्या लॉटशी जुळेलच असं नाही, नैसर्गिक मालाचं तसंच असतं. खूपच हौस असेल तर लॅव्हेंडर अ‍ॅब्सोल्यूट, ते वाफेने न काढता सॉल्व्हंटने काढतात, गडद हिरवं, घट्ट, त्यात क्युमारिनचा गोडवा मुळातच असतो जो वाफेच्या तेलात येत नाही. महाग आहे, 10 टक्क्यांचं सोल्यूशन घ्या.

आणि कृपा करून नर्सरीतून झाड आणून कुकरवर तेल काढायचा विचार करू नका, हा पुढचा प्रश्न येतोच म्हणून आधीच लिहिते. भदरवाह 1600 मीटरच्या आसपास आहे, आपण 600 च्या. आपल्याकडे हिवाळ्यात झाड छान दिसतं, मग जुलैत मुळाशी पाणी साचलं की कुजतं. शिवाय नर्सरीत लॅव्हेंडर म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा दातेरी पानाची वेगळीच जात असते. पाण्यात फुलं उकळून, म्हणजे कनौजच्या अत्तरवाल्यांच्या देग-भपक्यासारखं, लॅव्हेंडर काढलं तर अजून एक अडचण, जास्त वेळ पाण्यात उकळलं की लिनालाइल अ‍ॅसिटेट फुटून लिनालूल आणि व्हिनेगरचं आम्ल होतं, गोडवा जातो. गुलाबाला, वाळ्याला ती पद्धत चालते, लॅव्हेंडरला कोरडी वाफ आणि घाई लागते. नाशिकचं मोगलाईतलं नाव गुलशनाबाद, फुलांचं गाव, पण ती फुलं ही नव्हती.

साठवणुकीबद्दल माझीच फजिती सांगते. एका वर्षी पाच लिटरचा कॅन अर्धा वापरून पत्र्याच्या गोडाऊनमध्ये तसाच ठेवला, एप्रिल मे दोन्ही महिने, अर्धा कॅन तेल आणि अर्धा कॅन हवा. जुलैत उघडला तर वास आंबूस, टोकदार, तरी म्हटलं चालेल आणि एका शाम्पूच्या सॅम्पलमध्ये वापरलं. गिऱ्हाईकाने सॅम्पल परत केलं ते सोडा, माझ्या मनगटावर लाल चट्टे उठले ते पंधरा दिवस गेले नाहीत. झालं होतं असं की लिनालूल आणि लिनालाइल अ‍ॅसिटेट हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू हायड्रोपेरॉक्साइड बनवतात आणि त्यांची त्वचेला अ‍ॅलर्जी होते. ताजं तेल त्यामानाने सौम्य, शिळं तेल धोक्याचं. म्हणून लहान बाटली घ्या, काचेची, गडद, तोंडापर्यंत भरलेली, फ्रिजच्या दारात ठेवली तरी चालेल, बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा आणि वर्ष झालं की मनगटाला लावू नका, फरशी पुसायच्या पाण्यात टाका. तुमची ऑनलाइन बाटली गोदामात, गाडीत, उन्हात किती फिरून आली हेही कळायला मार्ग नाही, त्यामुळे झाकण उघडताना व्हिनेगरसारखा झटका येतो का ते बघा. आईला लावायच्या आधी कोपराच्या आत थोडंसं लावून दोन दिवस वाट बघा, दमा किंवा त्वचेचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून.

हे सगळं घरच्या भेटीपुरतं. उद्या मैत्रिणींनी मागितलं, विकायला लागलात तर परफ्यूम कॉस्मेटिकमध्ये येतो, एफडीएचा उत्पादन परवाना लागतो, तो वेगळा विषय, तेव्हा परत विचारा.

वाढदिवस कधी आहे ते लिहिलं नाहीत. महिना-सव्वा महिना हातात असेल तर वरचं सगळं जमेल, सामान यायला आठवडा धरा. पंधरा दिवसच असतील तर परफ्यूमचा नाद सोडा, घाईत केलेला कच्चा लागतो. त्यापेक्षा वाळलेली लॅव्हेंडरची फुलं आणा, आईच्याच एखाद्या जुन्या सुती साडीच्या तुकड्याची लहान पिशवी शिवा, फुलांवर क्युमारिनच्या 10 टक्के सोल्यूशनचे दोन-तीन थेंब टाकून सुकू द्या आणि मग पिशवीत भरा. साड्यांच्या कपाटात ठेवली की रोज दार उघडताना येईल.